‘एआय’चं स्टिकर, भावाचे गेम आणि जळगावचं ऊन

पाचोरा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या जळगावात नोकरी करतात. धाकटा भाऊ यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागला आणि जळगावातच पत्र्याच्या छताची खोली घेऊन राहतो. लॅपटॉपसाठी ८० हजार बाजूला काढलेत आणि ‘तूच बघ’ म्हणून वडील मोकळे झालेत. दुकानदाराने दोन दाखवले. एक पातळ, हलका, ‘एआय’चं स्टिकर लावलेला, ८२ हजारांचा. दुसरा जाडजूड, आरटीएक्स ४०५० या ग्राफिक्स कार्डाचा, ७९ हजारांचा. भावाला पहिला हवाय. त्याचं म्हणणं असं की हल्ली गेममधले शत्रू एआयवर चालतात आणि आपल्या खेळातून शिकतात, म्हणून एआय लॅपटॉपवर केलेला सराव खरा. पुढे बीजीएमआय या बंदुकांच्या ऑनलाइन गेमच्या स्पर्धा खेळायच्यात, शिवाय जीटीए ६ हा नवा गेम येतोय. ताई विचारतात: कोणता घेऊ? अभ्यासाच्या नावाखाली गेमचं वेड तर वाढणार नाही? आणि मे महिन्यात जिथे पंखाही गरम हवा फेकतो, त्या खोलीत ही वस्तू तग धरेल का?

ताई, आधी उत्तर देऊन टाकू, कारणं मागून. स्टिकरवाला ८२ हजारांचा घेऊ नका. ७९ हजारांचा घ्यायचा की त्याहून स्वस्तात भागवायचं, हे भाऊ नेमके कोणते गेम खेळणार यावर ठरवा. आणि जो घ्याल त्याच्यासोबत दोनेक हजार रुपये ऊन आणि वीज यांच्या नावाने वेगळे ठेवा. जळगावात तो खर्च टाळता येत नाही.

आधी स्टिकरचं बघू. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’ असा एक वर्ग ठरवला. त्यात बसायला लॅपटॉपमध्ये एनपीयू नावाचा खास भाग लागतो, त्याची क्षमता किमान ४० टॉप्स, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी आकडेमोडी, आणि रॅम किमान १६ जीबी. नुसतं ‘एआय पीसी’ म्हणवणारं स्टिकर तर यापेक्षा बऱ्याच कमी क्षमतेच्या मशीनवरही लागतं. हा भाग व्हिडिओ कॉलमध्ये मागची भिंत धूसर करतो, बोलणं ऐकून खाली अक्षरं उमटवतो, फोटो सुधारतो, आणि बॅटरी फारशी न खाता करतो. वस्तू वाईट नाही. पण आज बाजारात असलेले जवळजवळ सगळे गेम त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. गेमला लागतं ग्राफिक्स कार्ड. आणि हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यात लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०५० पुढे एआयची क्षमता १९४ टॉप्स लिहिलेली आहे. मोजण्याच्या पद्धतीत थोडा फरक असतो आणि कार्ड वीजही भरपूर ओढतं, हे मान्य. तरी ज्या लॅपटॉपवर स्टिकर नाही त्याच्यातच ताकद जास्त आहे, हे दुकानदाराने सांगायला हवं होतं.

पातळ लॅपटॉपच्या प्रोसेसरचं नाव एकदा वाचा. तिथे ‘स्नॅपड्रॅगन’ असेल तर गेमसाठी तो विषयच सोडून द्या. त्याची रचना नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी असते. अनेक गेम, त्यातही चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर जोडलेले ऑनलाइन गेम, त्यावर चालतच नाहीत किंवा अडखळत चालतात. कॉलेजच्या लॅबमध्ये एखादं जुनं सॉफ्टवेअर किंवा हार्डवेअर बोर्डाचा ड्रायव्हर टाकायला सांगितला तरी तिथेच गाडी अडते.

आता भावाचा मुद्दा. तो चुकलाय, पण बावळटपणा करत नाहीये, त्यामुळे हा भाग त्याला वाचायला द्या.

गेममधले शत्रू सहसा शिकत नाहीत, ते ठरलेल्या नियमांनी वागतात. १९८० चा पॅकमॅन घ्या. त्यात चार भुतं. लाल भूत तुम्ही असाल त्या चौकटीवर थेट चाल करून येतं. गुलाबी भूत तुमचं तोंड ज्या दिशेला असेल तिथे चार चौकटी पुढचा नेम धरतं, म्हणून ते आडवं येऊन गाठतं. निळं भूत तुमची जागा आणि लाल भुताची जागा यांचा एकत्र हिशेब करतं. नारिंगी आठ चौकटींहून लांब असेपर्यंत पाठलाग करतं आणि जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. नियम एवढेच, पण खेळणाऱ्याला वाटतं की चौघांनी मिळून कट केलाय. २००५ च्या ‘फिअर’ या गेममधल्या सैनिकांचं नाव हुशारीसाठी अजून काढलं जातं. त्यांना एक उद्दिष्ट आणि करता येण्याजोग्या कृतींची यादी दिलेली असते, आणि टेबल आडवं पाडायचं, मागे लपायचं, मग गोळी झाडायची, असा क्रम ते जागच्या जागी लावतात. हे नियोजन झालं. काल तुम्ही कसे खेळलात ते त्यांना आज ठाऊक नसतं. ‘एलियन : आयसोलेशन’ (२०१४) मधला प्राणी आपला माग काढतोय असं वाटून घाम फुटतो. प्रत्यक्षात गेमच्या आत एक वेगळा नियंत्रक बसलेला असतो, त्याला तुमची जागा कायम माहीत असते आणि तो प्राण्याला अधूनमधून दिशा सुचवतो. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये सगळ्यात अवघड पातळी निवडली तर संगणकाची अक्कल वाढत नाही. त्याला सुरुवातीलाच जादा वसाहतकरी आणि वाढीव उत्पादन देऊन झुकतं माप दिलेलं असतं.

असं का? कंपन्यांना जमत नाही म्हणून नव्हे. खरोखर शिकणारा शत्रू थोड्याच दिवसांत हरवता येईनासा होतो आणि मग पैसे देऊन रोज हरायला कोण बसेल? तो उद्या काय करेल याची खात्री नसेल तर गेम बाजारात आणण्याआधी तपासणंही अवघड. शिवाय सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात १६.६ मिलिसेकंद. त्यातला बराचसा वेळ चित्र काढण्यात जातो, शत्रूंच्या डोक्याला उरतो तो तुकडा. खरे शिकणारे खेळाडू झाले आहेत. ओपनएआय कंपनीच्या ‘ओपनएआय फाइव्ह’ या एआय प्रणालीने एप्रिल २०१९ मध्ये डोटा २ या गेमच्या जगज्जेत्या ओजी संघाला हरवलं. त्यासाठी त्या प्रणालीने दहा महिन्यांत स्वतःशीच सुमारे ४५ हजार वर्षांचा खेळ खेळला होता आणि ते काम मोठमोठ्या सर्व्हरवर चाललं होतं. ८२ हजारांच्या लॅपटॉपमध्ये रात्री अभ्यास उरकून ते होणार नाही.

बीजीएमआयमध्येही सुरुवातीच्या रँकला बरीच जागा बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, भरून काढतात. भावाने जरा निरखून बघावं: उघड्यावर थांबून गोळी झाडणारा, पहिल्या चार गोळ्या हवेत घालवणारा, आडोसा शेजारी असून न घेणारा बहुधा बॉटच. त्यांना मारून ‘किल’चा आकडा फुगतो आणि स्पर्धेत माणसांसमोर उभं राहिलं की पहिल्या वर्तुळातच बाहेर. सराव हवा तर माणसांशी हवा. (आपल्यापेक्षा खरंच वरचढ असलेल्या एआयशी झुंजायची हौस असेल तर बुद्धिबळ आहे. स्टॉकफिश हे इंजिन फुकट मिळतं, २०२० पासून त्यात न्यूरल नेटवर्क आहे, आणि ते साध्या फोनवरूनही जगातल्या कुठल्याही ग्रँडमास्टरला भारी पडतं. लॅपटॉपही लागत नाही.)

आणि मुळात बीजीएमआय हा फोनचा गेम आहे. लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे फोनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकून तो खेळायला कंपनीची मान्यता नाही, खातं बंद होण्याचा धोका असतो. म्हणजे स्पर्धेचं स्वप्न खरं असलं तरी लॅपटॉपवर खर्च केलेला एक रुपयाही त्या कामी येत नाही. जीटीए ६ चंही तसंच. जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. हे लिहीपर्यंत पीसीची तारीख कंपनीने दिलेली नाही. न आलेल्या गेमसाठी आज कार्ड घेणं म्हणजे बाशिंग आधीच बांधून बसणं.

मग लॅपटॉपवर खेळायचं काय? एक साधं काम करा. भावाला कागदावर गेमची नावं लिहायला सांगा. ‘सगळे’ असं नको, येत्या वर्षभरात खरोखर खेळणार ती पाच नावं. प्रत्येक गेमच्या पानावर ‘रेकमेंडेड’ म्हणून लिहिलेलं ग्राफिक्स कार्ड त्याच्यापुढे मांडा. यादीत वॅलोरंट, जीटीए ५, क्रिकेट, माइनक्राफ्ट असली नावं निघाली तर ४०५० ची गरज नाही. जीटीए ५ पीसीवर २०१५ साली आला आणि वॅलोरंट मुद्दामच हलका ठेवलेला आहे. नव्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवर हे दोन्ही बेताच्या सेटिंगला नीट चालतात. अट एक: रॅम १६ जीबी, तीही ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्यांत. एकच पट्टी असेल तर अंगच्या ग्राफिक्सचा वेग चांगलाच घसरतो, आणि दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. असा लॅपटॉप गेमिंगच्या लॅपटॉपपेक्षा बराच स्वस्त पडतो, दीड किलोच्या आसपास भरतो आणि बॅटरीवर कॉलेजचा दिवस काढतो. यादीत गेल्या दोन-तीन वर्षांतले मोठे गेम निघाले तर मात्र ७९ हजारांचा घ्या, अर्धवट मधला काही घेऊ नका.

तो घेताना एक गोष्ट खोदून विचारा. आरटीएक्स ४०५० हे नाव एकच, पण लॅपटॉप कंपनी त्याला ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. विहिरीवर तीन एचपीची मोटार आणि साडेसात एचपीची मोटार एकाच कंपनीची असली म्हणून पाणी सारखं येत नाही, तसंच हे. स्पेसिफिकेशनमध्ये ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्स ग्राफिक्स पॉवर’ शोधा. ९० वॅटच्या वर असेल तर ठीक, ६० च्या आत असेल तर ७९ हजार जास्त झाले. पडद्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर रंग फिके दिसतील. ‘१०० टक्के एसआरजीबी’ मिळाला तर उत्तम. या कार्डावर मेमरी ६ जीबी असते, त्यामुळे नव्या गेममध्ये ‘टेक्स्चर’, म्हणजे चित्रातले बारकावे, मध्यम ठेवावं लागेल. त्यात कमीपणा काही नाही. डीएलएसएस नावाची सोय मात्र जरूर चालू करा. लहान चित्र काढून एआयच्या मदतीने ते मोठं करण्याची ही युक्ती आहे, आणि भावाला हवा असलेला एआय गेममध्ये खरोखर राबतो तो इथेच. त्यातली मधल्या फ्रेम एआयने भरणारी ‘फ्रेम जनरेशन’ माणसांशी खेळताना बंद ठेवावी, कारण चित्र सफाईदार दिसतं पण बटण दाबल्यावर होणारा उशीर वाढतो.

आता ऊन. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरण्याचं तापमान कमाल ३५ अंश लिहिलेलं असतं, आणि ते आसपासच्या हवेचं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ गाठतो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ४० अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. पंखा खालून हवा ओढतो आणि ती हवाच ४० अंशांची असेल तर प्रोसेसर ९५-१०० अंशांना भिडतो. मग तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. गेम सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं झकास आणि मग एकदम अडखळायला लागला तर व्हायरस शोधत बसू नका, ही उष्णता आहे.

उपाय महागडे नाहीत. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर, उशीवर कधीच ठेवायचा नाही. मागची बाजू दोन इंच उचलली जाईल असा जाळीचा स्टँड चारपाचशेत मिळतो, आणि पंखेवाल्या महागड्या कूलिंग पॅडपेक्षा तो फार मागे नाही. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा. १४४ हर्ट्झचा पडदा आहे म्हणून १४४ फ्रेम काढल्याच पाहिजेत असं नाही, निदान मे महिन्यात तरी. मग कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथून चेंज प्लॅन सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आणि ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ इथे जाऊन १०० चे ९९ करा. एवढ्याने प्रोसेसरची टर्बोची, म्हणजे थोडा वेळ जादा वेगाने पळण्याची, उडी बंद होते आणि तापमान सहज दहाएक अंशांनी उतरतं. गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही. काही लॅपटॉपवर ही ओळ दिसत नाही. मग कंपनीच्या ॲपमधला ‘बॅलन्स्ड’ मोड वापरा आणि ‘परफॉर्मन्स’ हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

कूलर असेल तर चांगलंच. खान्देशातली उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्याने कूलर खोली खरोखर थंड करतो. पण समोरची खिडकी उघडी हवी, आणि लॅपटॉप कूलरच्या तोंडापासून सहा-सात फूट लांब, थोडा बाजूला. समोरच ठेवला तर बारीक तुषार आत जातात, आणि आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार सर्किटवर बसतो. पाऊस सुरू झाला की बंद खोलीत कूलर लावून लॅपटॉप चालवू नका. धूळ हा दुसरा शत्रू. वळवाच्या वाऱ्यानंतर आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तंतू पंख्याच्या जाळीला चिकटून नमद्यासारखा थर होतो. तीन-चार महिन्यांनी लॅपटॉप बंद करून ब्रश आणि हाताच्या ब्लोअरने साफ करा. वारा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर ते गरगरून बेअरिंग जातं. आणि जड गेम सकाळी दहाच्या आत किंवा रात्री नऊनंतर. सुट्टीत गावी धाब्याचं घर असेल तर खालची खोली यासाठी पत्र्यापेक्षा कितीतरी बरी.

विजेबाबत फार काळजी नको. लॅपटॉपला बॅटरी आहे, अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट सांभाळून घेतो. बॅटरीवर मात्र जड गेम खेळू नये, वेगही मिळत नाही आणि तासाभरात ती संपते. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. उन्हाळ्यात १०० टक्के भरलेली आणि सतत तापणारी बॅटरी लवकर फुगते. खरी तपासायची ती अर्थिंग. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर गडबड बहुधा खोलीच्या अर्थिंगमध्ये असते, लॅपटॉपमध्ये नव्हे. तीन पिनांचं प्लग दोन पिनांत घुसवणारं कन्व्हर्टर वापरू नका. घरमालकाला सांगून वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या. जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये नेमका त्याचाच विसर पडतो.

वेडाचं म्हणाल, तर पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: लॅपटॉप आला की गेम वाढणार. गेम तर आजही आहे, फोनमध्ये, चोवीस तास खिशात. लॅपटॉप निदान टेबलावर बसून वापरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार धरला आहे, पण त्याच्या खुणा तासांत मोजलेल्या नाहीत. खेळणं थांबवता न येणं, जेवण-झोप-अभ्यास यांच्यावर त्याची कुरघोडी होणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. भावाच्या बाबतीत यातलं काही दिसतंय का ते शांतपणे बघा. नसेल तर नावं ठेवू नका. असेल तर लॅपटॉप नाकारून ते जाणार नाही, समुपदेशकाकडे न्यायला हवं. त्याच्या यूपीआयचा हिशेब मात्र एकदा त्याच्याचसोबत बसून बघा. गेममध्ये कपडे, बंदुकांचे रंग घेणं हा एक खर्च झाला, ठरवून दिलेल्या रकमेत चालेल. पण रंग ओळखा, पैसे लावा अशा ॲपवर पैसे गेलेले दिसले तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे असे खेळ चालवायला देशभर बंदी आहे आणि बुडालेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. अखाजीला गावात दोन दिवस पत्ते पडतात आणि उठतात, हे ॲप मात्र उठत नाही.

अभ्यासाला पहिल्या दोन वर्षांत ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सी, पायथन, जावा कुठल्याही लॅपटॉपवर चालतात, आणि मशीन लर्निंगचा सराव गूगल कोलॅब या संकेतस्थळावर फुकट मिळणाऱ्या जीपीयूवर, म्हणजे दूरच्या ग्राफिक्स कार्डावर, होतो. गेममधल्या एआयबद्दल त्याला एवढं कुतूहल असेल तर गोडो हे गेम बनवायचं फुकट साधन त्याला उतरवून घेऊ द्या, ते साध्या लॅपटॉपवरही चालतं. वर दिलेले चार भुतांचे नियम त्यात लिहून बघणं हे महिन्याभराचं काम आहे, आणि शत्रू ‘शिकतो’ की नाही याचा निकाल तो स्वतःच लावेल.

खरेदीच्या दिवशी पैसे देण्याआधी लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचं नाव बिलाशी ताडून बघा. सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू होते ते तपासा. तारीख जुनी निघाली तर तो दाखवायला ठेवलेला नग असू शकतो. ‘ऑनसाइट’ वॉरंटी तुमच्या पिनकोडला लागू आहे का, की लॅपटॉप घेऊन नाशिकला जावं लागेल, तेही विचारा. जीएसटीचं पक्कं बिल भावाच्या नावाने घ्या. आणि परत करण्याची किंवा बदलून देण्याची मुदत किती दिवसांची, ते दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या. त्या मुदतीत एका दुपारी तीनच्या सुमारास त्याच पत्र्याच्या खोलीत यादीतला सगळ्यात जड गेम तासभर चालू द्या आणि एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर शेजारी उघडं ठेवा. वर सांगितलेली सेटिंग करूनही प्रोसेसर सतत ९५ च्या वर राहिला, किंवा लॅपटॉप एकदा जरी आपोआप बंद पडला, तर पडद्याचा फोटो काढून दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच बदलून मागा.